बायकोच्या किल्ल्याला वेढा

आमच्या घरात इतिहास मी शिकवतो. इतिहासाच्या उन्हाळी शिबिराला मात्र माझी बायको निवडली गेली.

मी अंबरनाथच्या हायस्कुलात इतिहासाचा शिक्षक. नलू मराठी शाळेत चौथीला सगळेच विषय शिकवायची. म्हणजे गणित आणि शिवण यांच्यामधून वेळ उरला तर इतिहास. अर्ज दोघांनी केले होते. (तिचा अर्ज मीच लिहून दिला होता, तोही झकास भाषेत!) निवड तिची झाली, आणि वसाहतीतले शेजारी मला रस्त्यात थांबवून तिचं अभिनंदन करू लागले. मला हेवा वाटला का? वाटला. इतका वाटला, की मी तिच्या आमटीत खोट काढू लागलो.

शिबिर बदलापूरपलीकडच्या एका जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी होतं, आणि मुक्कामाचं होतं. त्या काळी बाईमाणसाला एकटीला मुक्कामी धाडत नसत. म्हणून शिक्षिकांनी सोबतीला घरचं एक माणूस आणावं, असं ठरलं होतं. अशा रीतीने मी इतिहासाच्या शिबिराला पोचलो!

व्याख्यानं सुरू झाली, की सोबतीच्या मंडळींनी स्वयंपाकाच्या मांडवात जाऊन कांदे सोलायचे. माझ्या जोडीला उल्हासनगर कॅम्प एकचे एक सिंधी शेठ होते. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि त्यांची बायको शिक्षिका होती. बायकोचं त्यांना भारी कौतुक. असतात अशी माणसं. मांडवाच्या कनातीतून मला नलूचे प्रश्न ऐकू येत, आणि शिबिरप्रमुखांचं "वा बाई, वा!" तर फारच स्पष्ट ऐकू येई. माझ्या डोळ्यांना धार लागायची. कांद्यामुळे, असं मी शेठांना सांगितलं.

शेवटच्या दिवशी वेढ्याचं प्रात्यक्षिक होतं. अर्ध्या शिक्षकांनी किल्ला राखायचा, अर्ध्यांनी तो घ्यायचा. वरच्याने ज्याला शिवलं तो मेला. त्याने खाली आंब्याखाली जाऊन बसायचं. दुपारी सगळ्यांनी वरच एकत्र जेवायचं. किल्लेदार कोण? नलू! पदर खोचून ती दरवाजात उभी राहिली आणि तासाभरात आंब्याखाली बसायला जागा उरली नाही. एक ड्रॉइंग मास्तर तर तीनदा मेले.

जेवणाच्या पाट्या वर न्यायचं काम माझं आणि शेठांचं. वाटेत ते सगळे मेलेले मास्तर पाहिले आणि माझ्यातला इतिहासकार जागा झाला. मी त्यांना म्हणालो, किल्ला हल्ल्याने पडत नसतो, उपासमारीने पडतो. हे मी दरवर्षी नववीला फळ्यावर लिहून देतो. रसद तोडा! आणि रसद तर माझ्याच डोक्यावर होती.

मास्तरांना ते पटलं. पिठल्याचं पातेलं, भाकऱ्या, ताकाचा हंडा, सगळं आम्ही करवंदीच्या जाळीत लपवलं. शेठांना मात्र हे युद्धशास्त्र उमगेना.

"मास्तरजी, खाना ठंडा हो रहा है," ते म्हणाले. "लड़ाई बाद में कर लेना."

बारा वाजले. एक वाजला. वरून नलूचा आवाज आला, "अहो, जेवण कुठंय?"

"किल्ला रिकामा करा, मग जेवा!" मी ओरडलो. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच शिबिरात कोणी माझं बोलणं ऐकून घेतलं होतं.

ती तटावरून डोकावून म्हणाली, "राहू दे. आम्हाला भूक नाही."

दोन वाजले तरी त्यांना भूक लागेना. आमच्याकडे मात्र मेलेलेसुद्धा जेवण मागू लागले. शेवटी आपण तरी जेवून घेऊ म्हणून जाळीकडे गेलो, तर तिथे वानरांची पंगत उठत आली होती. भाकरी एकही उरली नव्हती. हंडा लवंडलेला होता, आणि एक हुप्प्या पातेलं पुसून खात होता.

मास्तर मंडळी माझ्याकडे ज्या नजरेने पाहू लागली, तशी नजर मी परीक्षेनंतर नापास मुलांच्या बापांची पाहिली आहे. तेवढ्यात वरून खमंग वास आला. शेठांनी नाक वर केलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"कोकी!" ते म्हणाले. "कराची छूटा, तब से मेरी घरवाली खाना बाँधे बिना घर से नहीं निकलती."

कोकी म्हणजे कांदा-मिरची घातलेली सिंध्यांची जाड पोळी. नलूने किल्लेदार होताच सगळ्यांची गाठोडी सोडवून जे निघालं ते एकत्र करून घेतलं होतं, आणि शेठाणीबाईंच्या गाठोड्यात अख्ख्या किल्ल्याला पुरतील एवढ्या कोक्या निघाल्या होत्या. आता त्या वर काटक्यांच्या जाळावर गरम होत होत्या. आमच्या सैन्याने तिथल्या तिथे शरणागती पत्करली. निशाण म्हणून माझाच पंचा काठीला बांधला आणि काठी माझ्याच हातात दिली.

वर पोचलो तर तटाच्या सावलीत नलूशेजारी शाळा तपासणीचे दिपोटीसाहेब बसलेले! ते पलीकडच्या वाटेने सकाळीच वर आले होते. म्हणजे मी खुद्द साहेबांना उपाशी मारायला निघालो होतो. साहेब कोकी चावत म्हणत होते, रसदेचा असा विचार करणारा किल्लेदार त्यांनी पुस्तकातही पाहिला नव्हता. नलूने मला अर्धी कोकी दिली. ती इतकी चविष्ट होती, की मला तिचाही राग आला.

जूनमध्ये साहेब तपासणीला नेमके माझ्या दहावीच्या वर्गावर आले. त्यांनी मला ओळखलं. मागच्या बाकावर बसून त्यांनी मुलांना सावकाश विचारलं, "रसद तोडली, तर किल्ला पडतो का?"

"पडतो!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. मी नववीत शिकवलेलं मुलांनी चोख पाठ केलं होतं.

साहेब माझ्याकडे बघत राहिले.

"पडतोच असं नाही," मी म्हणालो. "किल्लेदार कोणाची बायको आहे, त्यावर असतं."