चितळासमोर थांबलेलं पाऊल

शिकार कायद्याने बंद झाली, पण बाबांची ती चाल काही सुटली नाही. अजूनही ते सकाळी जंगलाच्या कडेला जातात. हातात काठीसुद्धा नसते. वारा तोंडावर घ्यायचा, चितळाची मान खाली असली तरच पाऊल टाकायचं, मान वर आली की जागीच थिजायचं. किती जवळ जाता येतं, एवढंच पाहायचं.

आज मीही मागोमाग गेले. "बोलू नको वं पोरी," त्यांनी आधीच बजावलं होतं.

मोहाच्या झाडाखाली चितळाची एक मादी चरत होती. तिने मान उचलली आणि बाबांचं पाऊल हवेतच राहिलं. एका पायावर, श्वास रोखून ते तिच्याकडे बघत राहिले.

खरं सांगते, मला त्या चितळाचा हेवा वाटला. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. निकाल सांगायला धावत आले, तेव्हा बाबा बैलांना पाणी दाखवायला निघाले होते. "बरं झालं," असं चालता चालताच म्हणाले. आणि हिने नुसती मान काय उचलली! मी सुवर्णपदक आणलं असतं, तरी त्या दिवशी ते पाऊल थांबलं नसतं.

चितळ उड्या मारत आत पळालं. "चाल, भूक लागली," म्हणत बाबा भराभर घराकडे निघाले. मी मुद्दाम हलले नाही. मागे पाचोळा वाजत नाही, हे त्यांच्या कानांना कळलंच. ते थांबले. हळूच वळून माझ्याकडे बघू लागले.

मी मान वर करून तशीच उभी राहिले. म्हटलं, बघू देत अजून थोडं.