अण्णाच्या सिनेमाचा आवाज

चार कारखानेवाले चहाला बसले की किस्से निघतात, आणि एक निघाला की त्याच्यामागं दहा. उद्यमबागेतल्या कारखान्यांचं भंगार तरी कधीमधी कोण उचलून नेतंय, किस्से कोण नेणार? साठतच जातात. आमच्या अण्णाचे तर लईच साठलेत. हसू येतं म्हणून सांगतो, पण सांगून झाल्यावर चहा काय गोड लागत न्हाय!

अण्णा आमच्या फौंड्रीत ओतीव माल ग्राइंडरवर घासायचा, मी लेथवर. सुट्टीला आमचा ऑर्केस्ट्रा. अण्णाची गिटार, माझा ड्रम. ऐंशीच्या सुमाराला निपाणीच्या एका तंबाखूवाल्या आप्पांना सिनेमा काढायचं खूळ लागलं, आणि संगीत चक्क अण्णाकडं आलं!

"हिरो मोटरसायकलवरनं येतोय," आप्पा म्हणाले. "ढोलकी नको."

"छ्या!" अण्णा म्हणाला. "गिटार अशी वाजवतो, पत्रा फाटल्यागत वाटलं पायजे. आणि खाली सगळं इलेक्ट्रॉनिक."

आप्पांनी मान डोलावली. मागनं मला हळूच विचारलं, "लायटिंग पण तोच करणार काय रं?"

त्याच आठवड्यात डॉक्टर अण्णाला म्हणाले, ग्राइंडर सोडा, कान चाललेत. ग्राइंडर सोडून खाणार काय? अण्णा मला म्हणाला, "एकदा थेटरात माझं म्युझिक फुल्ल आवाजात ऐकतो. मग जाऊ देत कान." माणसाला दुसरं काय नको होतं बघा.

*

इलेक्ट्रॉनिक वाद्य घ्यायची ऐपत कुणाची? जुन्या रेडिओंचे पार्ट जोडून अण्णानं स्वतःच पेटी बनवली. ती चालू केली की पिरनवाडीतल्या आख्ख्या गल्लीचे रेडिओ कुईं कुईं करायचे.

एकदा पेटीतनं धूर निघाला. आक्का, म्हणजे अण्णाची बायको, नाकाला पदर लावून बाहेर आली.

"एवढा जाळ करालाय, तर वर भात तरी ठेवू काय?"

*

रेकॉर्डिंग फौंड्रीच्या शेडमध्येच करायचं ठरलं. स्टुडिओ परवडत नव्हता, आणि पत्र्याखाली गिटार घुमायची पण झकास. पण दिवसभर यंत्रांचा दणका! मग अण्णानं डोकं लढवलं. आठवड्याच्या सुट्टीला आख्खी उद्यमबाग बंद असते, त्या दिवशी करू.

गेलो. काय ती शांतता! टाचणी पडली तरी ऐकू यावी. अण्णानं ऐटीत पेटीचं बटण दाबलं. पेटी ढिम्म!

सुट्टी कशाची? वीज कपातीची! आम्ही रोज तिथंच काम करणारी माणसं, आणि एकाच्याही डोक्यात आलं न्हाय.

शेवटी चालू दिवशीच रेकॉर्डिंग केलं. शेजारच्या शेडमधला पत्रा ठोकायचा प्रेस धाड धाड करत सगळ्या गाण्यांत शिरला. आप्पांनी डोळे मिटून टेप ऐकला. "ड्रमवाला जरा कच्चा आहे," ते म्हणाले, "पण तो धाड धाड वाजवणारा कोण? त्याला सोडू नका!"

*

सिनेमा डब्यात अडकला. कॅसेटी तेवढ्या आल्या, आणि तशाच परत यायला लागल्या. गिऱ्हाईक म्हणायचं, आवाज फाटलाय, बदलून द्या. बदलून दिलेली पण फाटलेलीच!

आप्पांनी वैतागून सगळ्या कॅसेटी पुसून त्यांवर हळदीची गाणी भरली. एका लग्नात मी आणि अण्णा पंगतीला बसलो होतो. बायकांचं गाणं संपलं, कॅसेट पुढं फिरत राहिली, आणि एकदम अण्णाची गिटार डरकाळली! नवरीच्या आजीच्या हातातलं हळदीचं ताट खाली पडलं. कुणीतरी धावत जाऊन टेप बंद केला.

मला रडू यायचं बाकी होतं. अण्णा कानामागं हात धरून बसला होता. "शेवटचा तुकडा पुसायचा राहिलाय न्हवं?" असा खूश झाला, की जिलेबी दोनदा घेतली.

*

आणि शेवटी, काही वर्षांनी, सिनेमा खानापूरच्या थेटरात लागला. तोवर अण्णाशी हातवारे करूनच बोलावं लागत होतं. नको जाऊ म्हणून आक्कानं किती सांगितलं.

"थेटरातला आवाज छातीत लागतोय," अण्णा म्हणाला. "त्याला कान कशाला पायजेत?"

आम्ही तिघं पुढं बसलो. सिनेमा रटाळ, पण बोलणं स्वच्छ येत होतं. गाणं लागलं, गिटार घरघरली, आणि आवाज गप्प! पडद्यावर मोटरसायकल, हिरोचं तोंड हलतंय, आवाज न्हाय. गाणं संपलं की बोलणं परत चालू. प्रत्येक गाण्याला हेच! शेवटच्या गाण्याला मी पळत वर ऑपरेटरकडं गेलो.

"गाणं आलं की स्पीकर फाटालाय!" तो घामाघूम झालता. "नवा स्पीकर आहे. मालक मला जिता सोडंल काय? म्हणून बंद करालोय."

"अरे, ते फाटलेलं न्हाय! मुद्दाम तसं वाजवलंय!"

"मुद्दाम?" तो माझ्याकडं बघतच राहिला. "मुद्दाम असं कोण वाजवतंय?"

मी खाली येईपर्यंत गाणं संपत आलं होतं. पब्लिक खुर्च्यांवर उभं, तोंडात बोटं घालून शिट्ट्या, हात वर करून "आवाज! आवाज!" म्हणून बोंबलतंय. आक्का मान खाली घालून बसली होती.

अण्णा उठून, मागं वळून सगळ्या थेटराकडं बघत होता. डोळे भरलेले. मला बघितल्यावर त्यानं माझा हात ओढून आपल्या छातीवर दाबून धरला.

"पब्लिक उभं राहिलं रं," तो म्हणाला. "आणि हितं बघ, अजून वाजालंय."