चांदीची डबी आणि पडद्यावरचा सुळका

आमच्या लिंगायतांत मूल जन्मलं की काही दिवसांतच त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. माझं चांदीच्या डबीत आहे. मानवतहून परभणीच्या कॉलेजात एम.ई.साठी निघाले तेव्हा आईनं एकच बजावलं होतं, "आंघोळीलाबी उतरवायचं न्हाई." मी काही देवभोळी नाही. पण गळ्यात आहे ते माझं आहे.

माझा प्रकल्प अल्ट्रा-वाइडबँड रेडिओचा. त्यातला संदेश लहरींच्या फार रुंद पट्ट्यात पसरतो आणि लय हलक्या आवाजात बोलतो. त्याच पट्ट्यात कुठं वाय-फाय चालू असला की मोंढ्याच्या बाजारात दोघं कुजबुजत असताना शेजारी कर्णा सुरू व्हावा, तशी गत होते. कर्ण्याची तेवढी चिंचोळी पट्टी गाळायची आणि बाकीचा संदेश शाबूत ठेवायचा, हे माझं काम.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर संदेशात नुसत्या चुकाच चुका यायला लागल्या. लहरींचा आलेख दाखवणाऱ्या पडद्यावर एक सुळका ठाण मांडून बसला होता. आमचे गाईड सर घामाघूम झाले आणि त्यांची नजर माझ्या गळ्यावर गेली.

"ते चांदीचं काढ, बाहेर ठेवून ये. त्याचाच त्रास होतोय."

परीक्षकांनीही मान डोलावली. संतापानं माझे कान तापले. धातूवर लहर आपटून परत फिरते, कबूल. पण चांदी स्वतःहून बोलत नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

"काढणार न्हाई, सर."

"नापास होशील."

"होऊ द्या. पण आधी मी डबीसकट बाहेर जाते, तुमी पडदा बघा."

माझा ट्रान्समीटर बंद केला आणि तरातरा पार लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिले. तिथून ओरडून विचारलं, "सुळका गेला का?"

खिडकीतून परीक्षकच म्हणाले, "नाही. आहे तसाच आहे."

परत येताना व्हरांड्यात वाय-फायचा नवा डबा लुकलुकताना दिसला. त्याच आठवड्यात बसवला होता, वेगळ्या चॅनेलवर. माझी गाळणी जुन्याच चॅनेलवर होती. ती सरकवली, ट्रान्समीटर सुरू केला, आणि चुका जवळजवळ थांबल्या.

माझ्या प्रकल्पावर सही करताना सर हसत म्हणाले, "मिनिटभर काढली असतीस तर काय बिघडलं असतं?"

मला हसू आलं नाही. म्हटलं, "सर, गोंगाट ज्याचा त्यालाच गाळायचं, बाकीच्याला हात लावायचा न्हाई. हे तुमीच शिकवलंत मला."