बसप्पाअण्णांचा दरबार

नाटकातल्या राजाचा शेला अंगावर चढला की बसप्पाअण्णा घरच्यांनासुद्धा ओळख देत नसत. एकदा खेळाआधी त्यांच्या बायकोनं, गौराक्कानं, पडद्याआडून "जेवून घ्या" म्हटलं, तर अण्णांनी सुनावलं, "महाराणी, मोहीम फत्ते झाल्याशिवाय आम्हाला अन्न वर्ज्य!" तीही खमकी. म्हणाली, "मग भाकर गार झाली म्हून मला बोलू नगा."

एरवी अण्णा सास्तूरच्या बाजारात कापड विकत. निजामाच्या अमलात लिहिलेलं नाटक आधी ठाण्यावर दाखवावं लागे, म्हणून अण्णा लिहायच्या भानगडीतच पडत नसत. पाराजवळ फळ्या टाकायच्या, घोंगड्यांचा पडदा करायचा, कथा तेवढी ठरवायची आणि बाकी तोंडाला येईल ते बोलायचं. पण जुन्या ऐतिहासिक नाटकांसारखं भारदस्त! नियम एकच होता. अण्णा सांगत, "समोरचा बोलला ते खरं धरायचं, खोडायचं न्हाय. त्यो समुद्र म्हणला की आपुन पोहायचं."

मी त्यांच्यासमोर बादशाही सुभेदार होत असे. एकदा घाबरून मी "आमची तलवार घरीच राहिली" असं बोलून गेलो. अण्णा गरजले, "निःशस्त्रावर आम्ही वार करीत नाही!" आणि स्वतःची तलवार मला दिली. टाळ्या अर्थातच त्यांना मिळाल्या.

एका जत्रेला अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, स्वतः येऊन पुढच्या खुर्चीत बसला. आमचा राजा सुभेदारापुढं वाकत नाही, हे कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. निजामही मूळचा दिल्लीच्या बादशहाचा सुभेदारच, म्हणून ते त्याला झोंबलं होतं. दरबाराचा प्रवेश रंगात आला तसा तो बसल्या जागेवरून ओरडला, "राजा को झुकाव! सुभेदार को मुजरा करना, नै तो खेल बंद!"

वाकावं तर गावाची मान खाली, न वाकावं तर कोठडी. अण्णांनी सिंहासनावरून, म्हणजे कापडाच्या गाठोड्यावरून, शांतपणे अमीनाकडं पाहिलं.

"कोण? दिल्लीचे वकील आले? सुभेदार, त्यांना सन्मानानं पुढं आणा. आम्ही स्वहस्ते त्यांना विडा देणार!"

समोरचा बोलला ते खरं धरायचं. मी झटकन खाली उतरलो आणि अमीनाला हात दिला. सगळ्यांसमोर मानाचा विडा मिळतोय म्हटल्यावर गडी खूश! फळ्यांवर चढला आणि विडा घेतला. थोरामोठ्यांकडून पान घेताना लवून आदाब करायचा, ही त्यांच्याकडची रीत. सवयीनं तो लवला. राजा बसलेला आणि अमीन वाकलेला! गावानं असा जयजयकार केला की पाराच्या पिंपळावरचे कावळे उडाले. काय झालं ते अमीनाला उमजेपर्यंत आम्ही पडदा पाडला होता.

सकाळी ठाण्यावरून बोलावणं आलं. मीही अण्णांबरोबर गेलो. अमीन गुरकावला, "अब झुक!"

अण्णांनी कमरेत वाकून मुजरा केला. त्याचं समाधान होईना, तेव्हा पुन्हा केला, पुन्हा केला. माझा जीव नुसता जळत होता. अखेर त्यानं आम्हाला हाकललं.

बाहेर येताच मी चिडून विचारलं, "अण्णा, हेच करायचं व्हतं तर काल का न्हाय केलं?"

"आरं, हितं बसप्पा कापडवाला वाकला. त्याचं काय जातंय? काल म्या राजा व्हतो. ती मान माझी न्हवती, समद्या गावाची व्हती. ती म्या कशी वाकवू?"

अण्णा जाऊन आता फार वर्षं झाली. ताठ मानेची माणसं मी पुष्कळ पाहिली. पण त्या सकाळी ठाण्यात वाकलेल्या माणसाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुन्हा कुणाचाच वाटला नाही.