आबांनी हाक कुणाला मारली?

अंगात येणं, मेलेल्या माणसानं स्वप्नात येऊन सांगणं... आमच्याकडं हे सगळं चालतं, पण मी त्याच्या वाऱ्यालाही उभी राहिले नाही. त्यातून आवाजाचं शिक्षण घेतलेलं माणूस जास्तच संशयी. रिकाम्या खोलीतल्या 'पावलां'मागं नेमकं काय असतं, हे शोधायची आम्हाला सवयच लागते. म्हणून हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय.

मी सांगलीत ध्वनिकलेचा कोर्स करत होते. गाणं-बजावणं नव्हे, भोवतालचे आवाज रेकॉर्ड करायचे आणि त्यातून ऐकण्यासारखी रचना उभी करायची. आमची वस्ती म्हसवडच्या पलीकडं, माळावर. माझे वडील, आबा, मेंढरं राखायचे. मेंढरांना बोलवायची हाक वेगळी, थांबवायची वेगळी, पाण्यावर न्यायची वेगळी. उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी त्या सगळ्या रेकॉर्ड केल्या. सुरुवातीला मी चालत जवळ जाते, आबा म्हणतात, "सुरे, आलीस व्हय? बस हितं सावलीला." आणि मी हसते.

पुढच्या पावसाळ्यात आबा हार्ट अटॅकनं गेले. त्यांचा आवाज तेवढाच उरला.

तो मी कोर्समध्ये फक्त मुग्धाला ऐकवला होता. माझी रूम पार्टनर. आमच्या वस्तीवर कधी आली नाही, पण आबा गेल्यावर मी वस्तीवर होते, तेव्हा रोज फोन करून मला जेवायला लावणारी तीच.

वर्षाअखेरच्या प्रदर्शनात मुग्धाच्या टेबलावरचे हेडफोन मी सहज कानाला लावले... आबा मेंढरं बोलवत होते. खाली पाटीवर नाव तिचं.

"मुग्धा, हे माझं आहे."

"मी केलंय रेकॉर्डिंग. माणदेशात जाऊन," ती म्हणाली. नजरसुद्धा चुकवली नाही.

माझ्या लॅपटॉपवरून कॉपी केलं असणार. सुरुवातीचं आबांचं बोलणं तेवढं कापलं होतं. मी कोर्सच्या सरांकडं तक्रार केली. त्यांनी विचारलं, "मूळ फाइल आहे का?" होती. रेकॉर्डरचं कार्ड वस्तीवर आईच्या ट्रंकेत, कुलपात होतं. जाऊन घेऊन आले. स्टुडिओत सर, मुग्धा आणि मी. सरांनी कार्ड लावलं.

मातीवरची पावलं. मग आबा—

"मुग्धे, आलीस व्हय? बस हितं सावलीला."

आणि हसणं. मुग्धाचं.

सरांनी पुन्हा पुन्हा ऐकलं, स्क्रीनवर आवाजाची रेघ ताणून ताणून बघितली. "कुठं जोड नाही, सुरेखा." माझ्या लॅपटॉपवरची फाइल उघडली, तिच्यातही तेच. मी मुग्धाकडं बघितलं. ती पांढरीफटक पडली होती, पण बोलली काहीच नाही. तक्रार तिथंच मिटली.

बाहेर जिन्यात तिनं माझा हात धरला. "सुरेखा, आईशपथ, मी तिथं कधी गेले नाही. मग माझा आवाज कसा...?"

"हे आत का नाही बोललीस?"

तिनं हात सोडला आणि खाली निघून गेली. रूम मी दुसऱ्याच दिवशी बदलली.

घरी आईला विचारलं. ती म्हणाली, "तुजंच नाव हुतं की गं. तवा तूच आयकीवलं हुतंस मला." मी मोबाईलवर लावलं. 'मुग्धे' ऐकून तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "त्येंला ह्ये नाव ठावं तरी हुतं का?"

नव्हतं. त्यांच्यापाशी मी मैत्रिणीचा विषय कधी काढलाच नव्हता.

एआय, व्हॉइस क्लोनिंग—लोकांचं सगळं सुचवून झालंय. पण कुलपातलं कार्ड कोण बदलणार? आणि मुग्धानं बदललं असेल, तर ती स्वतःच एवढी का घाबरली?

आई मात्र ते रोज लावते. "नाव कुणाचं का आसंना, आवाज त्येंचाच हाय," म्हणते. मी तेवढ्या वेळ अंगणात जाऊन बसते. मुग्धानं चोरी केली, ते मी कधीतरी गिळेन. पण आबा, तुम्हीसुद्धा?