शकूताईंचा डोलणारा सूर

शकूताई कुणालाही भेटल्या की नमस्काराच्या आधी त्याचा डावा हात ओढून घ्यायच्या आणि बोटांची टोकं दाबून बघायच्या. उभा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेलेला, त्यामुळे समोरच्याला वाटायचं, नाडी बघताहेत. त्या शोधत असायच्या तारा दाबून पडलेले घट्टे. गोंदियाजवळ मुर्रीला आम्ही घर घेतलं, तेव्हा ओळख करून घ्यायला मी वाटीभर लाडू घेऊन शेजारी त्यांच्या दारात गेले. वाटी उजव्या हातात तशीच राहिली आणि डावा हात त्यांच्या ताब्यात गेला.

"का वं, हे बोटं आहेत का लोणी? काहीच वाजवत नाहीस?"

"नाही हो ताई. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे."

"मंग का झालं? पुस्तकं बोटं धरून ठेवतेत का? उद्या ये."

गेले. पलंगाशेजारी लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार उभी होती आणि औषधांच्या कपाटावर छोटा ॲम्प्लिफायर. सालेकशाला नोकरीवर असताना शकूताई एका ऑर्केस्ट्रात वाजवायच्या. दिवसा इंजेक्शनं द्यायच्या आणि जयंतीच्या, लग्नाच्या कार्यक्रमांत पांढरी साडी नेसून मुख्य गिटार धरायच्या. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायच्या, "पाहाले येणारे सारे गिटार पाहूनच परत गेले. बरं झालं. गिटार तर राहिली!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर टाळी देऊन हसायच्या. हसल्या की चष्मा नाकावरून घसरायचा आणि तो सावरताना आणखी हसू यायचं.

साधे सूर मला लवकर आले. घोडं अडलं ते तार ताणण्यापाशी. तिसऱ्या बोटाने तार दाबायची, मागची दोन बोटं त्याच्या मदतीला लावायची आणि तिघांनी मिळून तार वर ढकलायची. सूर चढत जातो आणि गिटारच्या दांडीवरच्या दोन पट्ट्या पुढच्या सुरावर जाऊन टेकतो. तिथे टेकल्यावर त्याला हलवायचं. त्या हलवण्याला पुस्तकात व्हायब्रेटो म्हणतात, शकूताई डोल म्हणायच्या. माझा सूर अर्ध्या वाटेतच थरथरायला लागायचा. कुंपणापलीकडून माझा नवरा विचारायचा, "मांजर पडलं का विहिरीत?"

"हिव भरलं का वं त्याले?" शकूताई डोळे पुसत म्हणायच्या. "तू काऊन घाई करून राहिली? धानाचं लोंब पाह्य. आधी भरते, वाकते, मंग डोलते. कच्चं असताना डोलते का? आधी पोच. मंग डोल."

मग त्यांनी माझं मनगट धरलं. "बोटं नको हलवू. कुलपात चाबी फिरवते ना, तसं मनगट फिरव. वर पोचली की जरासं खाली सोड, पुन्हा तिथंच आण. त्याच्यावर नको जाऊ."

मी दिवसभर हवेत चाबी फिरवत राहिले. ग्रंथालयात पुस्तक मागायला आलेले प्राध्यापक माझ्या मनगटाकडे बघून हळूच मागे सरकायचे.

अशातच एका रविवारी शकूताईंच्या दारात एक उंच, टकले गृहस्थ उभे राहिले. ऑर्केस्ट्रात ऑर्गन वाजवणारे उके. रेल्वेतून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, आता सौंदडला एकटेच राहणारे. त्यांनी दारातूनच विचारलं, "शकू, तार अभी भी वैसीच खींचती क्या?"

शकूताईंनी चष्मा वर सरकवला. आत गेल्या, गिटार घेतली आणि एकच सूर ताणला. तो वर पोचला, क्षणभर थांबला आणि असा डोलायला लागला की उके तिथेच पायरीवर बसले. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. मग एक दिवस शकूताईंनी कुंपणावरून मला हाक मारली. "ऐक वं. मी लगन करून राहिली." आणि तोंडावर पदर धरून एखाद्या पोट्टीसारख्या खिदळल्या.

नागपूरचा त्यांचा भाचा मात्र गंभीर झाला. "मावशी, लग्न कर, पण गाणं-बजावणं नको. या वयात लोक हसतील."

"मंग हसू दे ना बापा. लोकाइले लगनात रडाले बोलावते का कोणी?"

गाणं होणारच होतं. पण वाजवणार कोण? ऑर्केस्ट्रातले बाकीचे पांगलेले. नवरा-नवरी स्टेजवर हार घालून बसणार. शकूताईंनी माझ्याकडे बोट केलं. "हे वाजवन." मी दोन्ही हात पाठीमागे लपवले.

विहाराच्या अंगणात मंडप पडला. वंदना झाली, हार घातले गेले आणि मी लाल गिटार गळ्यात अडकवून उभी राहिले. समोर अर्धी मुर्री, पहिल्या रांगेत हाताची घडी घातलेला भाचा. चाल नीट सुरू झाली. मग ताणायचा तो सूर आला. मी तार ढकलली. तो वर चढेना. अर्ध्या वाटेतच तो पुन्हा थरथरायला लागला आणि तेवढ्यात स्टेजवरून, गळ्यात मोगऱ्याच्या हाराचं ओझं सांभाळत, नवरी ओरडली, "अजून वर! अजून! पोचू दे वं त्याले!"

मी सगळा जीव तीन बोटांत आणला. सूर वर जाऊन टेकला. मी तो धरून ठेवला.

"आता!" उकेही ओरडले.

मनगट फिरलं. सूर डोलला, मोठा, सावकाश, गोल. माझ्या हातून असं काही निघतंय यावर माझाच विश्वास बसेना. मी तो सोडायलाच तयार नव्हते. मंडपात शिट्ट्या वाजल्या, म्हाताऱ्या उठून नाचायला लागल्या आणि हाताची घडी सोडून भाचाही उठला. नाचता येत नसल्यामुळे तो नुसताच उड्या मारत होता. नवरीने तर टाळ्या वाजवता वाजवता स्वतःचा हार तोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सौंदडला निघालेल्या दोघांना सोडायला मी गोंदिया स्टेशनवर गेले. सामान चढलं, शकूताई खिडकीशी बसल्या. मला रडू आवरेना. त्या काही बोलणार, इतक्यात पॅसेंजर हलली आणि लक्षात आलं की नवरदेव अजून भज्यांच्या गाडीपाशीच आहेत. "अहोऽऽ!" शकूताई आयुष्यात पहिल्यांदाच 'अहो' म्हणाल्या असतील. उके पुडा छातीशी धरून धावत सुटले, भजी सांडत. गाडी रांगतच होती. शकूताई दारात आल्या, दांडी धरून हात पुढे केला, पण हसून हसून त्यांच्या अंगात जोरच उरला नव्हता. शेवटी आतल्या दोघा-तिघांनी मिळून नवरदेवाला वर ओढलं. मी फलाटावर रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. गाडी सिग्नलपाशी वळली तरी दारात दोघं उभी दिसत होती, पुड्यात उरलेली भजी एकमेकांना भरवत.