नजरेचा आकडा

"तोलकाट्यावरचा माणूस ना तू? पोती मोज. डोळे आम्ही बघतो."

साक्रीच्या एका दवाखान्यात डॉक्टर मला हे म्हणाला. वय माझ्या पुतण्याएवढं. मी बावन्न वर्षांचा, बाजार समितीत मापारी. बाकांवर अठरा माणसं होती, मी मोजली होती. काही जण हसले. मीही हसलो. ते माझं हसू मला आजही बोचतं.

बायकोचा उजवा डोळा लाल झाला होता. तिला घेऊन गेलो, सोबत एक कागद. रोज तिला कॅलेंडरपासून चार पावलांवर उभी करायचो, डावा डोळा झाकायला लावायचो, काय वाचता येतं ते टिपायचो. मंगळवारी सगळ्या तारखा वाचल्या. बुधवारी फक्त वरचं मोठं वर्ष. गुरुवारी सकाळी वर्षही वाचता येईना, म्हणाली, "आते बठ्ठं धुरकट शे." म्हणून गुरुवारीच गेलो.

डॉक्टरने कागद दोन बोटांनी बाजूला सारला आणि ते वाक्य बोलला. खुर्चीतून उठला नाही. बायकोला दारातच थांबवलं. "तिथूनच दाखवा. साथ आहे." लांबून मोबाईलचा उजेड मारला. तिला तो सोसवेना, तिने तोंड फिरवलं. "डोळे आलेत. गावभर आलेत." चिठ्ठी. पुढचा पेशंट.

कागदावरची पहिली ओळ अशी होती: सोमवारी वावरात मक्याचं पान डोळ्याला लागलं.

ती ओळ मी तोंडाने सांगू शकलो असतो. पण अठरा माणसांसमोर माझी जीभ उचलली नाही. "हो साहेब," म्हणालो आणि बाहेर आलो. दिवसातून चार वेळा थेंब, घड्याळ लावून. एक वेळ चुकवली नाही. चुकीचं औषध मी चोख घातलं.

पुढच्या सोमवारी बुबुळावर मोहरीएवढा पांढरा ठिपका दिसला. पुन्हा तिथेच गेलो. डॉक्टरने मान वर न करता लिहायला घेतलं. "तेच थेंब चालू ठेव."

मी म्हणालो, "चिठ्ठी नंतर. आधी उठा. तिची पापणी उघडून बघा. नजर मोजा, आकडा लिहा. हिला मक्याचं पान लागलंय."

"मला शिकवतोस?"

"हो. पोतं काट्यावर न ठेवता मी वजन लिहिलं, तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील."

या वेळी कोणी हसलं नाही. "मग दुसरीकडे जा," तो म्हणाला. चिठ्ठी टेबलावर सोडून आम्ही निघालो.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंचा पहिलाच प्रश्न: "डोळ्याला काही लागलं होतं का?" मग तक्ता वाचायला लावला. एकही ओळ नाही. मग बोटं मोजायला लावली. डोळ्यात पिवळा रंग सोडून निळा दिवा धरला. बुबुळावरची जखम हिरवी चमकली. मलाही दाखवली.

"नाना, डोळे आले की चिकटा येतो, खुपतं. पण नजर अशी घसरत नाही. दुखणं वाढलं, उजेड सोसेना, नजर कमी झाली, तर साथ म्हणून सोडायचं नाही. पानाबरोबर बुरशी आत गेली. त्या थेंबात स्टिरॉइड होतं. त्याने ती फोफावली."

बावीस दिवस तिथे राहिलो. तासातासाला औषध. डोळा वाचला. नजर गेली ती गेली. आज त्या डोळ्याने तिला हातभर अंतरावरची बोटं दिसतात.

घरी आल्यावर ती कॅलेंडरसमोर उभी राहिली, स्वतःच डावा डोळा झाकला. मग विचारलं, "तुम्ही तवय का बरं बोलनात नई?"

डॉक्टरचा हिशोब वेगळा. गुरुवार ते सोमवार, त्या चार दिवसांचा हिशोब माझ्या नावावर आहे.

आता गावात कोणाचा डोळा लाल झाला की मी चार पावलं मोजतो, कागद करतो आणि सोबत जातो. पहिली ओळ दारातूनच मोठ्याने सांगतो. हसणारे हसू देत. नजरेचा आकडा केसपेपरवर लिहिल्याशिवाय मी डॉक्टरच्या टेबलासमोरून हलत नाही.